शेऱ्याचा रकाना

वृत्तवाहिनीच्या कार्यालयात तिला सगळे ‘पाहुणेवाली’ म्हणत. संध्याकाळी आठच्या चर्चेला जे तीन-चार जण पडद्यावर येऊन बसतात, ते काही आपोआप उगवत नाहीत. कुणीतरी त्यांना फोन करतं, गाडी पाठवतं, चहा पाजतं, कॉलरला माइक लावायला नेतं आणि चर्चा संपली की पुन्हा गाडीत बसवून देतं. ते कुणीतरी म्हणजे ती. रसायनशास्त्राची पदवी घेऊन सहा महिने प्रयोगशाळांचे उंबरे झिजवले, कुठे डाळ शिजली नाही, तेव्हा तात्पुरती म्हणून ती इथे चिकटली. त्या तात्पुरतीला आता दीड वर्ष होत आलं होतं.

तिच्या टेबलावर एक जाडजूड वही असे. पाहुण्यांची यादी संगणकावरही होती, पण निर्मात्याचा जीव वहीवर. पानावर पाच रकाने: नाव, व्यवसाय, फोन, बाजू आणि शेरा. आधीच्या मुलीने शेऱ्यात काहीच लिहिलं नव्हतं. निर्माता स्वतः एकेका शब्दात उरकायचा: ‘सज्जन’, ‘तापट’, ‘मुद्देसूद’. हिला मात्र रिकामा रकाना बघवत नसे. प्रयोगवही लिहून लिहून हाताला लागलेली सवय. ‘डाव्या कानाने कमी ऐकू येतं, निवेदक त्यांच्या उजव्या हाताला हवा.’ ‘प्रश्न विचारला की आधी पाणी पितात, नऊ-दहा सेकंद जातात.’ ‘स्वतःला वकील म्हणवतात, पण विचारल्यावर विषय बदलतात.’ असं सगळं ती बारीक अक्षरात लिहून ठेवी.

निर्माता पंचावन्नचा, पोट सुटलेला, कधी आवाज न चढवणारा माणूस. अख्खा कार्यक्रम सेकंदात मोजायचा, म्हणून पोरं त्याच्या मागे त्याला सेकंदकाका म्हणत, आणि ते त्याला ठाऊक होतं. कुणाच्या घरी आजारपण असलं की हाच आधी विचारी. तिच्यावर तर त्याची माया होती. “तू मोजतेस,” तो म्हणे. “बाकीचे नुसते अंदाज ठोकतात.”

त्या मंगळवारी सकाळी तो वही घेऊन तिच्या टेबलाच्या कडेवर टेकला. विषय तलावाचा होता. तलावाच्या काठी रंगाचा कारखाना होता आणि कारखान्याला सांडपाण्याची दुसरी नळी तलावात सोडायची होती. परवानगीसाठी अकरा दिवसांनी जनसुनावणी लागली होती. कारखाना आणि वाहिनी एकाच मालकाच्या घरातली. हे गुपित नव्हतं, उगाच कुणी बोलून दाखवत नसे इतकंच.

“बाजूने बोलायला कारखान्याच्या प्रयोगशाळेच्या बाई येतायत,” तो म्हणाला. “विरोधात कोण? दोन्ही बाजू हव्यात हं. एकतर्फी काही मला चालत नाही.”

“आमचे सर आहेत ना,” ती पटकन म्हणाली. “शाळेतले. विज्ञान शिकवायचे. अकरा वर्षं तलावाचं पाणी तपासतायत, दर रविवारी. त्यांच्याइतके आकडे कारखान्याकडेसुद्धा नसतील.”

निर्मात्याने पानं उलटली. सर वर्षापूर्वी सकाळच्या एका छोट्या कार्यक्रमात येऊन गेले होते, तेव्हाची तिची नोंद वहीत होती. तो बोट फिरवत वाचू लागला. ‘एक वाक्य पूर्ण व्हायला सरासरी चौदा सेकंद, तीन वेळा मोजलं. मध्ये अडवलं तर वाक्य पहिल्यापासून सुरू करतात. वेळ द्यावा. मुद्दे सोन्यासारखे.’

त्याने पुन्हा एकदा वाचलं. मग चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. “हे तू लिहिलंस?”

“हो.”

“फार उपयोगाचं लिहितेस गं तू,” तो म्हणाला. “बोलव त्यांना.”

तिला वाटलं, आता सरांना वेळ मिळणार.

त्या संध्याकाळी नियंत्रण कक्षाच्या काचेआडून तिने सगळं पाहिलं. सर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. खिशात दोन पेन, मांडीवर वह्यांची पिशवी. पिशवी खाली ठेवा म्हटलं तरी ठेवीनात. त्यांच्या समोर कारखान्याच्या बाई, बोलायला मिठ्ठास, वाक्यं आखूड आणि घडी घातल्यासारखी. “आमच्याकडे अत्याधुनिक यंत्रणा आहे. सगळे निकष पाळले जातात. पाणी सुरक्षित आहे.” झालं! साडेसहा सेकंद.

निवेदक सरांकडे वळला.

“गेली अकरा वर्षं दर रविवारी सकाळी सात वाजता,” सरांनी सुरुवात केली, “पंपघराच्या भिंतीवर जी लाल खूण आहे तिच्याच समोर, हाताच्या कोपराइतक्या खोलीवरून घेतलेल्या पाण्यात विरघळलेला—”

“सर, थोडक्यात.”

“हो हो. गेली अकरा वर्षं दर रविवारी सकाळी—”

“ते कळलं सर. म्हणजे तुमचा कारखान्याला विरोध आहे?”

“कारखान्याला नाही. मी एवढंच म्हणतो की, गेली अकरा वर्षं दर रविवारी...”

नियंत्रण कक्षात कुणीतरी फिसकन हसलं. निवेदकाच्या कानातल्या बोंडात निर्माता शांतपणे बोलत होता. “दहा सेकंद झाले की अडव. दहा. आता. छान.” तिला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग कळलं. ते तिचेच आकडे होते. चौदा सेकंदांच्या वाक्याला दहाव्या सेकंदाला कापायचं.

सरांनी तेच वाक्य सहा वेळा सुरू केलं. आकड्यापर्यंत ते एकदाही पोचले नाहीत. शेवटी निवेदक पुढे झुकून अगदी आदराने म्हणाला, “सर, एकच विचारतो. तुमच्या मोजण्यात चूक असू शकते का?”

“असू शकते ना,” सर म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. आज पहिल्यांदाच कुणी धड प्रश्न विचारला होता. “कुठल्याही मोजमापात अधिक-उणे असतंच, आणि ते किती आहे हे सांगणं—”

“धन्यवाद सर. वेळ संपली.”

घरी आई शिलाईच्या मशीनवर बसून शर्टाची काजं करत होती. टीव्ही बंद होता. “काय गं, तुझे सर असे का अडखळत होते?” दोऱ्याचं टोक दातांनी तोडत ती म्हणाली. “जेवून आले नव्हते का? पूर्वी पालकसभेत बोलायचे तेव्हा तर कसं छान समजायचं. आपण झोपायचो खरं, पण समजायचं.”

तिला हसू आलं नाही. आईने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी त्या शेवटच्या प्रश्नोत्तराचा अकरा सेकंदांचा तुकडा फोनवरून घरोघरी फिरला. ‘चूक असू शकते का?’ ‘असू शकते ना.’ आणि सरांचं ते उजळलेलं तोंड. खाली हसणारे पिवळे चेहरे. कुणीतरी त्यांना ‘अधिक-उणे सर’ असं नाव ठेवलं. कॅन्टीनमध्ये कुणी बिस्किटं किती हवीत विचारलं की उत्तर येऊ लागलं, “तीन, अधिक-उणे एक.”

तिने त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत वही उघडली आणि पहिल्या पानापासून दर तिसरा, असे एकशे चाळीस कार्यक्रम तपासले. कुणी सांगितलं नव्हतं, पण एकदा शंका आली की मोजल्याशिवाय तिला चैन पडत नसे. ज्या विषयांत मालकाच्या घराचा काही संबंध होता असे कार्यक्रम एकसष्ट निघाले. त्यांत मालकाला सोयीच्या बाजूने बसलेल्यांपुढे बहुतेक शेरा ‘मुद्देसूद’. विरोधातल्यांपुढे ‘सज्जन’ नाहीतर ‘तापट’. विरोधात ‘मुद्देसूद’ फक्त चार जण, त्यातले तीन ही वही सुरू झाली त्या पहिल्याच महिन्यातले. दोन्ही बाजू रोज होत्या. एकही खोटं वाक्य कुणी बोललं नव्हतं. फक्त समोरच्या बाकावर कोण बसणार हे आधी ठरत होतं.

सरांच्या नावापुढे तिच्या बारीक अक्षरांखाली लाल शाईत नवा शेरा आला होता: ‘सज्जन. पुन्हा बोलवावे.’

रविवारी सकाळी सातला ती तलावावर गेली. शाळेत असताना तीन वर्षं ती सरांबरोबर यायची. बाटली धरण्याचं काम तिचं. सर पंपघरासमोर वाकून बसले होते. शेजारी काकू, म्हणजे सरांची बायको, घडीची खुर्ची टाकून बसलेल्या, हातात घड्याळ आणि पेन्सिल. सरांनी बाटली पाण्याखाली नेऊन अलगद भरली, आतल्या आत बूच बसवलं, वर काढून उलटी केली. हवेचा एकही बुडबुडा नाही. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

“आलीस? धर.”

तिने बाटली धरली. पलीकडे कडेला पाण्याला साबणासारखा फेस होता. “सर, तिकडचं घेतलं तर आकडा आणखी खाली येईल ना?”

“येईल. म्हणूनच घ्यायचं नाही. पाणी बघून जागा ठरवली की ते मोजणं राहत नाही, ती वकिली होते. जागा आधी ठरते, मग तिथे जे निघेल ते.” ते उठताना गुडघ्यावर हात टेकून थांबले. “पाण्यातला प्राणवायू सात पूर्णांक एकवर होता अकरा वर्षांपूर्वी. आता तीन पूर्णांक चार. पाचाच्या खाली गेला की माशांचा जीव घुसमटायला लागतो.”

“अधिक-उणे शून्य पूर्णांक तीन,” काकू म्हणाल्या. “हे नाही बोलले तर त्यांना रात्रभर झोप लागायची नाही.”

“सह्या किती झाल्या?” तिने विचारलं.

याचंच उत्तर तिला नको होतं. सुनावणीचा नियम असा, की पाचशे रहिवाशांच्या सह्या आल्या तर अधिकाऱ्याला बाहेरच्या प्रयोगशाळेकडून पाणी तपासून घ्यावंच लागतं, त्याशिवाय परवानगी देता येत नाही. सर दोन महिने दारोदार फिरत होते. कारखान्याला विरोध करा असं ते कुणालाच म्हणत नसत. फक्त तपासा म्हणा, एवढंच. टीव्हीवर आल्यावर लोक आपणहून सही करायला येतील, या आशेवर ते कार्यक्रमाला आले होते.

“मंगळवारी दुपारी एकशे नव्वद होत्या,” काकू म्हणाल्या. “आज एकशे ब्याण्णव. काल एका घरी दार उघडून पोरं म्हणाली, आजोबा, चूक असू शकते का? आणि दार लावलं. हे परत बेल वाजवायला निघाले, म्हणे त्यांना पूर्ण उत्तर द्यायचं राहिलं.”

“राहिलंच होतं,” सर म्हणाले.

आता सांगितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. तिने बाटली पेटीत ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. वही, शेरा, चौदा सेकंद, कानातलं बोंड. सांगताना तिची नजर फेसावर होती. काकूंनी घड्याळ मांडीवर ठेवलं.

सरांनी पेटीतल्या बाटलीचं बूच पुन्हा एकदा दाबून बघितलं. मग म्हणाले, “चौदा. किती वेळा मोजलंस?”

“तीनदा.”

“तीन कमी आहेत. दहा तरी घ्यायला हवी होतीस.”

“अहो, त्या पोरीच्या डोळ्यांत पाणी आलंय आणि तुम्ही काय विचारताय!”

“तिने मोजलंय ते बरोबरच आहे,” सर काकूंना म्हणाले. “मी लांबट बोलतो. तूच म्हणतेस की.” मग तिच्याकडे वळून, “चुकीचं लिहिलं नाहीस तू. कुणाच्या हातात दिलंस ते बघितलं नाहीस, एवढंच.”

हे रागावून म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

“सर, ते तुम्हाला परत बोलावणार आहेत,” ती म्हणाली. “वहीत लिहिलंय तसं. तुम्ही हरलात म्हणून. सुनावणीच्या दोन दिवस आधी आणखी एक कार्यक्रम आहे, गुरुवारी. तेव्हा जर तुम्ही आठ सेकंदांत बोललात, तर त्यांना अडवताच येणार नाही. दहाव्या सेकंदाला निवेदक तोंड उघडेल तेव्हा तुमचं बोलून झालेलं असेल.”

“आठ सेकंदांत काय होतं? श्वाससुद्धा धड होत नाही.”

“साडेसहा सेकंदांत त्या बाईंनी अख्खा तलाव स्वच्छ केला ना?” काकू म्हणाल्या आणि मांडीवरचं घड्याळ उचललं. “चला. बोला. तलावाचं काय झालंय?”

“गेली अकरा वर्षं दर रविवारी—”

“थांबा. आधी झालंय काय ते सांगा. तारखेने मला काय करायचंय?”

त्या तीन संध्याकाळी कार्यालयातून सुटली की ती सरळ सरांच्या घरी जाई. दोन खोल्यांचं घर, एका भिंतीला बाटल्यांचं कपाट, टेबलावर अकरा वर्षांच्या वह्या. वहीत कुठे आकडा चुकला असेल तर तो एका सरळ रेघेने कापलेला, खालचं नीट वाचता येईल असा. हा नियम त्यांनी शाळेत हातावर पट्टी मारून शिकवला होता: चुकलं तरी गिरगटायचं नाही, काय होतं ते दिसलं पाहिजे. त्या रेघा बघता बघता तिला आपल्या वहीची आठवण येई आणि ती पान उलटी.

सर चुकत, चिडत, पुन्हा करत. “तलावातला प्राणवायू निम्म्यावर आलाय,” एवढं बोलून थांबायला त्यांना कोण यातना होत. “पण ‘निम्म्यावर’ हे ढोबळ आहे गं. अठ्ठेचाळीस टक्के म्हणू का?”

“नाही!” दोघी एकदम.

“आणि अधिक-उणे?”

तिने विचार केला. अधिक-उणे काढायला तिचंही मन धजेना. शेवटी तिघांनी मिळून वाक्य ठरवलं. “माझं मोजणं चुकत असेल, तर दुसऱ्याकडून मोजून घ्या, मी तेवढंच मागतोय.” साडेसात सेकंद. सरांनी ते पाठ केलं. काकू भाजी निवडताना मध्येच ओरडत, “सर, थोडक्यात!” आणि सर न अडखळता वाक्य संपवत. बुधवारी दहापैकी दहा वेळा जमलं. सरांनी स्वतः नोंद केली.

गुरुवारी चर्चा सहाला चित्रित व्हायची होती आणि आठला दाखवायची. सर या वेळी पिशवी न आणता आले, एक वही तेवढी हातात. “घरी शेजारचे जमणार आहेत,” त्यांनी गाडीतून उतरता उतरता सांगितलं. “काकूंनी खुर्च्या मागवल्यात. सह्यांचा कागद दाराशीच ठेवलाय.”

दोनशे तेरा झाल्या होत्या. उरलेल्या दोनशे सत्त्याऐंशी एका रात्रीत आणि एका दिवसात. कार्यक्रम सहा लाख घरांत दिसतो हे तिला माहीत होतं. त्यातली तलावाच्या वस्तीतली किती, याचा हिशेब तिने केला होता. होण्यासारखं होतं.

“सर, तुमचं म्हणणं?” निवेदकाने विचारलं आणि दहाव्या सेकंदाची वाट पाहत मान तिरकी केली.

“तलावातला प्राणवायू अकरा वर्षांत निम्म्यावर आलाय. आणखी एक नळी सोडली तर मासे मरतील.” सर थांबले.

निवेदकाचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. अडवायला काही शिल्लकच नव्हतं.

कारखान्याच्या बाई निकषांबद्दल बोलल्या. सर म्हणाले, “तुमचे आकडे लोकांना दाखवा. माझे या वहीत आहेत.” त्यांनी वही कॅमेऱ्यासमोर उघडून धरली. बाई म्हणाल्या की शाळेतली उपकरणं जुनी असतात. सर म्हणाले, “बरोबर आहे. म्हणून तर नव्या उपकरणांनी मोजा म्हणतोय.” बाईंनी पाण्याचा घोट घेतला. नऊ सेकंद, तिने मनात मोजले.

मग निवेदकाने हुकमाचं पान टाकलं. “सर, तुम्हीच मागे म्हणालात, चूक असू शकते.”

“माझं मोजणं चुकत असेल, तर दुसऱ्याकडून मोजून घ्या, मी तेवढंच मागतोय.”

काचेआड कुणी हसलं नाही. आवाज सांभाळणारा मुलगा हळूच म्हणाला, “म्हातारा भारी आहे राव.” तिने निर्मात्याकडे पाहिलं. तो आज निवेदकाच्या कानात काहीच सांगत नव्हता. हातावर हात बांधून, मान किंचित कलती ठेवून, एखादं गाणं ऐकावं तसा ऐकत होता.

चित्रीकरण संपलं. निवेदकाने स्वतः उठून सरांचा माइक काढला. “छान बोललात,” तो हळू आवाजात म्हणाला आणि लगेच इकडे तिकडे बघितलं. तिने सरांना गाडीपर्यंत सोडलं. सर लहान मुलासारखे खूश होते. “एकदाही मागे गेलो नाही, बघितलंस ना? काकूंना सांगतो.”

ती वर आली तेव्हा निर्माता तिच्या टेबलापाशी उभा होता. दोन कप चहा घेऊन.

“छान तयारी करून घेतलीस,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. “किती दिवस लागले?”

तिने खुर्ची ओढून घेतली.

“तीन? चार? मी असतो तर आठवडा घेतला असता.” त्याने तिचा कप तिच्याकडे सरकवला. “आज आपण वाहनतळावरच्या चर्चेचा जुना भाग लावतोय. पाहुण्यांना कळवून टाक.”

“वरून फोन आला?”

“कुणाचा?”

“मालकांचा.”

तो हसला. खरंच मनापासून हसला, पण थकल्यासारखा. “अगं बाळ, या खुर्चीत सव्वीस वर्षं झाली मला. एकदाही फोन आलेला नाही. फोन यायची वेळ आली, तर मग माझं काय काम इथे?” कपातला चहा त्याने फुंकर मारून निववला. “तुझ्याविरुद्ध मी काही लिहिणार नाही. नवीन आहेस. आणि मोजतेस छान.”

“आपण म्हणता ना, दोन्ही बाजू हव्यात.”

“हव्यातच. दोन्ही बाजू आहेत. उद्या विरोधात कुणीतरी दुसरा बसेल.”

आठ वाजता पडद्यावर वाहनतळाचा कार्यक्रम सुरू झाला. पाहुण्यांना कळवायचं काम तिचंच होतं आणि तिने ते केलं नव्हतं. आठ वाजून चार मिनिटांनी तिचा फोन वाजला. सर.

पलीकडे खुर्च्या सरकल्याचा आवाज, कुणाचं तरी बोलणं. “अगं, इथे काहीतरी गाड्यांचं लागलंय. आमचं नंतर आहे का?”

“नाही, सर.”

“मग उद्या?”

“नाही. ते लागणारच नाही.” तिने पडद्याकडे पाठ केली. “तुम्ही फार चांगलं बोललात, सर.”

पलीकडे शांतता. ती नकळत मोजत होती. सहा. सात. काकू मागून विचारत होत्या, काय म्हणतेय ती. अकरा. बारा.

“म्हणजे निरीक्षण टाकून दिलं,” सर म्हणाले.

“हो.”

“कारण लिहिलंय का कुठे?”

“नाही, सर.”

“हं.” मग फोन थोडा दूर धरून ते खोलीतल्या लोकांना म्हणाले, “आज नाही दाखवत. बसा तुम्ही, चहा घ्या. मी सांगतो काय बोललो ते. गेली अकरा वर्षं दर रविवारी सकाळी सात वाजता...” फोन बंद करायचं त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं. त्या छोट्या खोलीत त्यांना कुणी अडवत नव्हतं. ते वाक्य पुरं झालेलं तिने ऐकलं, त्याच्या पुढचंही ऐकलं, मग एकेक करून खुर्च्या सरकल्याचे आवाज आले आणि तिने फोन ठेवला.

शनिवारी सुनावणीला दोनशे एकतीस सह्या गेल्या. अधिकाऱ्याने त्या व्यवस्थित मोजल्या, पोच दिली आणि नियमावर बोट ठेवलं. दुपारी एकला परवानगीच्या कागदावर शिक्का पडला. ती बातमी वाहिनीने दिली, दोन्ही बाजूंसकट.

सोमवारी सकाळी वही तिच्या टेबलावर उघडी होती. सरांच्या नावापुढे लाल शाईत तिसरा शेरा आला होता: ‘मुद्देसूद. बोलावू नये. नोंद काढून टाकावी.’ संगणकावरची त्यांची ओळ आधीच गेलेली होती, जणू ते कधी आलेच नव्हते.

तिने पट्टी घेतली. नाव, व्यवसाय, फोन, बाजू, शेरा, सगळ्यावरून एक सरळ रेघ ओढली, बारीक, खालचं अक्षर न् अक्षर वाचता येईल अशी. आपले चौदा सेकंदही. मग पान उलटलं.

“झालं का गं?” पलीकडून निर्मात्याने विचारलं. “आज वीजदरवाढ आहे. विरोधात एक सज्जन बघ.”

पुढच्या पानावर पहिलंच नाव एका निवृत्त पोस्टमास्तरांचं होतं. शेऱ्यात तिचंच अक्षर: ‘समोरचा बोलू लागला की आदराने गप्प बसतात.’ ती त्या ओळीकडे बघत राहिली. मग रिसीव्हर उचलून तिने त्याच ओळीतले आकडे दाबले. तिसऱ्या घंटीला पलीकडून आवाज आला, वयस्कर, आनंदी, बोलावणं येईल याची वाट पाहत असल्यासारखा.

“कोण बोलतंय?”